टाळेबंदीतील ‘अत्यावश्यक’ : आबिड्सची बंद दुकाने, मद्याच्या रांगा आणि गांजाचा परदेशी परवाना

हैदराबादचा आबिड्स हा भाग एका दुकानदाराच्या नावाने ओळखला जातो. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खासगी सेवेतील अल्बर्ट आबिड याने येथे दुकान थाटले आणि पुढे दुकानाचे नाव साऱ्या वस्तीला चिकटले. टपाल खात्याचे मुख्य कार्यालय, कापड-चपलांची दुकाने, रविवारी पदपथावर भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार ही आबिड्सची आजची ओळख. येथून जवळच, नामपल्लीच्या मोअज्जम जाही मार्गावर, तेलंगणाच्या मद्यनिषेध व उत्पादन शुल्क खात्याचे मुख्यालय आहे. इमारतीचे नाव ‘आबकारी भवन’. मद्यनिषेध आणि मद्यविक्रीचा महसूल ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे असावीत यात कोणाला विसंगती वाटत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे.

२२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदीच्या सायंकाळी तेलंगणात टाळेबंदी जाहीर झाली. २५ मार्चपासून ती देशभर लागू झाली. धान्य, दूध, भाजीपाला, औषधे, इंधन, बँका यांना मुभा मिळाली. मद्य, ताडी, पानसुपारी यांना नाही. आबिड्समध्ये औषधांची व किराण्याची दुकाने वगळता सारी शटरे खाली आली. काय चालू राहील आणि काय बंद, हे ठरविण्याचा अधिकार सरकारने १८९७ चा साथरोग अधिनियम आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम यांच्या आधारे वापरला. १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू अधिनियमात वस्तूंची अनुसूची आहे. टाळेबंदीतील ‘अत्यावश्यक’ या शब्दाला मात्र तशी पक्की व्याख्या नव्हती. आदेश निघेल तसा त्याचा अर्थ घडत गेला.

त्याच सुमारास अमेरिकेत हाच शब्द गांजाच्या दुकानांना लावला जात होता. तेथील अनेक राज्यांत गांजाची परवानाधारक विक्री कायदेशीर आहे. संघराज्याच्या कायद्याने मात्र तो निषिद्धच आहे. सॅन फ्रान्सिस्कोने मार्चच्या मध्यास घरी राहण्याचा आदेश काढला, तेव्हा गांजाची दुकाने आधी यादीबाहेर ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी आत घेतली. पाठोपाठ कॅलिफोर्निया राज्यानेही गांजाच्या किरकोळ विक्रीला अत्यावश्यक सेवांत स्थान दिले. २३ मार्च रोजी डेन्व्हरच्या महापौरांनी मद्याची आणि मौजेखातरच्या गांजाची दुकाने बंद करण्याचे फर्मान काढले. ते ऐकताच लोकांनी दुकानांपुढे अशी गर्दी केली की, काही तासांतच ते मागे घ्यावे लागले. नेदरलँड्समध्ये १५ मार्चच्या सायंकाळी सहा वाजता ‘कॉफीशॉप’ बंद झाली, तेव्हाही हेच घडले. शेवटच्या तासाभराच्या रांगा पाहून तेथील सरकारने लगोलग घरी नेण्यापुरती विक्री खुली केली.

मॅसॅच्युसेट्सची गोष्ट याहून बोलकी आहे. त्या राज्याने वैद्यकीय गांजाची दुकाने चालू ठेवली, मद्याची दुकानेही चालू ठेवली आणि केवळ प्रौढांच्या मौजेखातर विकल्या जाणाऱ्या गांजाची दुकाने २४ मार्चपासून बंद केली. शेजारच्या राज्यांतून ग्राहकांचे लोंढे येतील, हे त्याचे कारण दिले गेले. दुकानदार न्यायालयात गेले. मद्याला मुभा आणि आम्हाला बंदी का, हा त्यांचा प्रश्न होता. एप्रिलमध्ये न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला आणि ती दुकाने २५ मे रोजी, तीही दाराबाहेर माल देण्यापुरती, उघडली. कॅनडातील ओंटारियो प्रांताने ४ एप्रिलला गांजाची दुकाने यादीतून काढली आणि तीनच दिवसांत घरपोच व दाराबाहेरच्या विक्रीला परवानगी दिली.

हे वाचून हैदराबादकराला किंवा गोवेकराला नवल वाटेल. पण आपल्याकडेही गांजा एकेकाळी सरकारी परवान्याने विकला जात होता. १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत झालेल्या मागणीवरून ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते. देशभर फिरून त्याने हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. माफक सेवनाने फारसे अपाय होत नाहीत, पूर्ण बंदी ना आवश्यक ना इष्ट, कर व परवाना यांच्या द्वारे नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता. अर्थात निष्कर्षामागे वैद्यकाइतकाच महसुलाचाही विचार होता, हे विसरता येत नाही.

निजामाच्या राज्यातील आबकारीचा मुख्य आधार मोहाची दारू आणि ताडी-शिंदी हा होता. फसली सन १३१६, म्हणजे इसवी सन १९०६-०७ च्या सुमाराचा ‘हैदराबाद आबकारी कायदा’ हा त्या व्यवस्थेचा पाया. मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे की, मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद येथील ताडीचे परवाने त्याच कायद्याच्या छत्राखाली होते. पुढे मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तेथील १९४९ चा दारूबंदी कायदा त्याच्या वाट्याला आला. तेलंगणाकडील भागात १९६८ च्या आंध्र प्रदेश उत्पादन शुल्क कायद्याने जुना कायदा संपविला.

संविधानातही या इतिहासाची खूण आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५१ व्या नोंदीनुसार मद्य, अफू आणि ‘भारतीय भांग’ यांवर उत्पादन शुल्क लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. अनुच्छेद ४७ मात्र राज्याला मादक पेये व आरोग्यास घातक अमली पदार्थ यांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्यास सांगतो. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही करताना भारताने पारंपरिक वापरासाठी मुदत मागून घेतली होती. त्या करारातील गांजाच्या व्याख्येत पाने व बिया नाहीत. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदाही, म्हणजे ज्याला आपण ‘एनडीपीएस’ म्हणतो तो, हाच भेद पाळतो : चरस व फुलोऱ्याचा गांजा निषिद्ध, नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येबाहेर. म्हणूनच उत्तर प्रदेश आणि राजस्थानात आजही भांगेची सरकारमान्य दुकाने दिसतात. हैदराबादेत तसे दुकान शोधूनही सापडणार नाही. आबिड्सपासून फार दूर नसलेल्या धूलपेठेचे नाव गुडुंबा म्हणजे गावठी दारू आणि चोरटा गांजा यांसाठी वर्षानुवर्षे पोलिसांच्या नोंदीत येत राहिले, ते याच बंदीच्या सावलीत.

तेव्हा टाळेबंदीत भारतापुढे गांजाचा प्रश्न आलाच नाही. आला तो मद्याचा आणि ताडीचा. त्याची पहिली चाहूल मंत्रालयात लागली नाही, एर्रागड्डा येथील मानसिक आरोग्य संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात लागली. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात तेथे दारू-ताडी सुटल्यामुळे त्रस्त झालेल्यांची संख्या एकाएकी अनेक पटींनी वाढली. नातेवाईक त्यांना धरून आणीत होते. हातपाय थरथरणे, झोप उडणे, भास होणे, असंबद्ध बोलणे, आकडी येणे ही त्यांची लक्षणे.

येथे थोडे वैद्यक सांगणे भाग आहे, कारण सारा वाद त्यावर उभा आहे. दीर्घकाळ, रोज, पुष्कळ मद्य घेणाऱ्याच्या मेंदूने त्या गुंगीशी जुळवून घेतलेले असते. मद्य अचानक थांबले की तो जुळवलेला तोल सुटतो. पहिल्या दिवस-दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रमावस्था येऊ शकते आणि उपचार न झाल्यास ती प्राणघातक ठरू शकते. तेलंगणाच्या ताडीत आणखी एक गुंतागुंत आहे. झाडावरची ताडी अपुरी पडते, म्हणून अनेक ठिकाणी तिच्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम मिसळले जाते. पिणाऱ्याला सवय लागते ती या औषधांची, आणि त्यांचा पुरवठा तुटला तरी आकडीच येते. २०१५ मध्ये भेसळयुक्त ताडीविरुद्ध कारवाई झाली, तेव्हा निजामाबाद व आसपासच्या जिल्ह्यांतील रुग्णालयांनी हा अनुभव घेतला होता. म्हणजे २०२० मध्ये जे घडले त्याची रंगीत तालीम पाच वर्षे आधी झालेली होती; तिचा धडा कोणी लिहून ठेवला नव्हता, इतकेच. गांजा सोडणाऱ्याला चिडचिड, अनिद्रा, भूक मंदावणे असा त्रास होतो, पण त्याच्या जिवाला सहसा धोका नसतो. निव्वळ देहधर्माच्या कसोटीवर पाहिले, तर ‘अत्यावश्यक’ म्हणविण्याचा मद्याचा दावा गांजाहून बळकट ठरतो. ही कसोटी कोणत्याही सरकारने उघडपणे लावली नाही.

तिच्या जवळ पोहोचले ते केरळ. मद्य न मिळाल्याने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्यावर त्या सरकारने ३० मार्च रोजी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मद्य देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला : व्यसन सुटताना होणाऱ्या त्रासावर मद्य हा उपचार नव्हे, औषधे व रुग्णालय हा उपचार होय. २ एप्रिल रोजी केरळ उच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली. डॉक्टरांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. पण वाहने बंद असताना, बाह्यरुग्ण विभाग आखडलेले असताना, खेड्यातल्या मजुराने व्यसनमुक्ती केंद्रापर्यंत जायचे कसे, याचे उत्तर त्यात नव्हते.

पुढचा निर्णय महसुलाने घेतला. मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने त्यावरील कर हा राज्यांच्या हातातील मोजक्या स्वायत्त उत्पन्नांपैकी एक आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १ मेच्या आदेशाने मद्यविक्रीची वाट मोकळी केली : ग्राहकांत सहा फुटांचे अंतर, एका वेळी पाचपेक्षा अधिक माणसे नकोत. ४ मे रोजी दुकाने उघडली आणि जागोजागी तो नियम पहिल्याच तासात मोडला. दिल्लीने दुसऱ्या दिवसापासून ७० टक्के ‘विशेष कोरोना शुल्क’ लावले. आंध्र प्रदेशने दोन टप्प्यांत दर ७५ टक्क्यांनी चढविले. मुंबई महापालिकेने गर्दी पाहून परवानगी मागे घेतली. ८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राज्यांनी घरपोच विक्रीचा विचार करावा, असे सुचविले. गोवा तेव्हा हरित क्षेत्रात होता. येथील दुकाने ४ मे रोजीच उघडली.

तेलंगणाने ६ मेपासून परवानगी दिली. स्वस्त मद्य ११ टक्क्यांनी, बाकीचे १६ टक्क्यांनी महागले. लाल क्षेत्रात असूनही, प्रतिबंधित वस्त्या सोडून, हैदराबादची मद्यदुकाने सकाळी दहा ते सायंकाळी सहा खुली झाली. शहरातील इतर बहुसंख्य दुकानांना एकाआड एक उघडण्याची मुभा १९ मेपासून मिळाली. म्हणजे जवळजवळ दोन आठवडे आबिड्सचा कापडवाला आणि पुस्तकवाला बंद शटरासमोरून जाताना मद्याच्या दुकानाची रांग पाहू शकत होता. जिवाच्या भीतीने मुभा द्यायची, तर ती मार्चअखेरीस हवी होती. मे महिन्यापर्यंत ज्यांना आकडी यायची त्यांना ती येऊन गेली होती.

गांजाची चर्चा आपल्याकडे वेगळ्या दाराने आली. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक अनुसूचीतून गांजा वगळला. २७ विरुद्ध २५ असे मतदान झाले आणि भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. त्याच महिन्यात, वैद्यकीय उपयोगासाठी गोव्यात गांजाची नियंत्रित लागवड करण्याचा प्रस्ताव कायदा खात्याने तपासल्याचे उघड झाले, विरोधाची राळ उठली आणि अंतिम निर्णय झालेला नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे मद्य न मिळाल्याने सॅनिटायझर प्यालेले सात जण दगावले. आदल्या जुलैत आंध्रातील प्रकाशम जिल्ह्यात कुरिचेडू येथेही असाच प्रकार घडला होता. १२ मे २०२१ पासून तेलंगणात पुन्हा टाळेबंदी लागली. त्या वेळी रोज सकाळी सहा ते दहा एवढीच सवलत होती. दूध-भाजीच्या त्या चार तासांत मद्याची दुकानेही उघडी ठेवण्यात आली.