बहुबाजारचे व्याख्यानगृह

२८ फेब्रुवारी १९२८ ही तारीख आता शाळकरी मुलांनाही पाठ असते. १९८७ पासून तो दिवस आपण राष्ट्रीय विज्ञानदिन म्हणून पाळतो. परंतु चंद्रशेखर वेंकट रामन यांनी जेथे तो शोध लावला, ती कलकत्त्याच्या २१० बहुबाजार स्ट्रीटवरील वास्तू आधीची तीस वर्षे प्रामुख्याने व्याख्यानांची जागा होती, हे फारसे कोणी सांगत नाही. विज्ञानाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नोंद होते, श्रोत्यांची होत नाही. आम्हांस येथे त्या श्रोत्यांची आणि त्यांना बोलावणाऱ्या एका हट्टी डॉक्टराची कथा सांगावयाची आहे.

डॉक्टर महेंद्रलाल सरकार १८६३ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून एम. डी. झाले. हा मान मिळविणारे ते दुसरेच. चार वर्षांनी त्यांनी डॉक्टरांच्या भरसभेत होमिओपॅथीवर आपली श्रद्धा बसल्याचे जाहीर केले आणि व्यवसायबंधूंनी त्यांच्यावर जवळजवळ बहिष्कारच घातला. त्यांच्या औषधविचाराविषयी कोणाचे काहीही मत असो. पटले ते उघड बोलावे आणि त्याची किंमत मोजावी, हा त्यांचा पिंड तेव्हाच दिसून आला. १८६९ मध्ये त्यांनी स्वतःच्या मासिकात लेख लिहिला : हिंदी लोकांनी, हिंदी लोकांच्याच पैशाने, विज्ञानाची जोपासना करणारी एक राष्ट्रीय संस्था काढावी. डोळ्यांपुढे लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन होती. फॅराडेने तेथे १८२५ च्या सुमारास शुक्रवारची सायंव्याख्याने सुरू केली होती आणि प्रत्यक्ष प्रयोग पाहावयास शहर लोटत असे.

वर्गणी जमण्यास सहा-सात वर्षे लागली. १८७२ मध्ये बंकिमचंद्रांनी 'बंगदर्शन'मधून या कल्पनेचा पुरस्कार केला. मध्येच एक वाद उभा राहिला. इंडियन लीगच्या मंडळींचे म्हणणे असे की, दरिद्री देशाला शुद्ध विज्ञान काय करावयाचे? हाताला काम देणारी तंत्रशाळा काढा. हा आक्षेप आम्हांस पोकळ वाटत नाही. भुकेल्या माणसाने तो घ्यावा हे रास्तच आहे. परंतु महेंद्रलाल हटले नाहीत. बंगालचे तत्कालीन लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल (हेच पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले) यांचा पाठिंबा मिळाला आणि २९ जुलै १८७६ रोजी 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' रीतसर सुरू झाली.

मग व्याख्याने सुरू झाली. सेंट झेवियर्स कॉलेजातील बेल्जियन जेझुइट पाद्री फादर लाफों हे त्यांतील खरे आकर्षण. युरोपातून नवी उपकरणे मागवावयाची, ती सर्वांसमक्ष चालवून दाखवावयाची, चित्रदीपाने पडद्यावर आकृत्या उमटवावयाच्या, ही त्यांची रीत. महेंद्रलाल स्वतःही भौतिकीवर बोलत. विलायतेहून परतलेले जगदीशचंद्र बोस येथे शिकवून गेले. आशुतोष मुखर्जींनी गणितावर व्याख्याने दिली. ही माणसे आपापली नोकरी वा व्यवसाय सांभाळून येथे येत.

एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. ही व्याख्याने इंग्रजीत होत, म्हणजे ज्याला इंग्रजी येत नाही त्याला दार बंद. मुंबईत १८४८ सालीच एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभेने मराठी आणि गुजराती शाखा काढून शास्त्रीय विषय स्वभाषेत मांडण्यास प्रारंभ केला होता. कलकत्त्यात तेच काम हाती घेऊन सत्येंद्रनाथ बोस यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापिली ती १९४८ मध्ये!

महेंद्रलालांचे दुःख निराळेच होते. त्यांना श्रोते नव्हे, संशोधक हवे होते. त्यासाठी पूर्णवेळ प्राध्यापक हवे होते आणि प्राध्यापकांसाठी कायमचा निधी. धनिकांनी वास्तूला पैसा दिला. विजयनगरमच्या महाराजांनी प्रयोगशाळा बांधून दिली. माणसे पोसावयास मात्र कोणी पुढे आले नाही. अखेरच्या वर्षांत आपला उद्योग फसला असे ते उघड म्हणू लागले. १९०४ साली त्याच निराशेत त्यांचे निधन झाले.

त्यांचा हा हिशेब आम्हांस मान्य नाही. १९०७ मध्ये अर्थखात्यातील १८ वर्षांचे एक अधिकारी ट्रॅममधून जाताना संस्थेची पाटी पाहून आत शिरले. आशुबाबू दे यांनी दार उघडले. महेंद्रलालांचे पुत्र अमृतलाल यांनी प्रयोगशाळा त्यांच्या स्वाधीन केली. त्यानंतरच्या दहा वर्षांत कलकत्त्यात असताना रामन कचेरीच्या आधी आणि नंतर तेथे काम करीत राहिले, आणि याच संस्थेत लोकांसाठी व्याख्यानेही देत. उपकरणे होती, कारण कोणीतरी ती श्रोत्यांना दाखविण्यासाठी आणली होती. भिंतीवर पाटी होती, कारण तीस वर्षे कोणीतरी भाषणे बंद पडू दिली नव्हती. रिकाम्या बाकांसमोर जो वक्ता बोलला असेल, त्याचाही यात वाटा आहे.

पुढे संस्था जादवपूरला गेली. बहुबाजार स्ट्रीटला आता बिपिनबिहारी गांगुली स्ट्रीट म्हणतात आणि २१० क्रमांकावर वाणिज्याचे एक महाविद्यालय आहे.