रस्त्यावरील दिवे आणि नागरी सुरक्षितता : पॅरिसचा ऐतिहासिक अनुभव

प्रस्तावना

रस्त्यांवर दिवे लावले की गुन्हे कमी होतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तथापि नागरिक त्या दिव्यांकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, यावरही सुरक्षितता अवलंबून असते. पॅरिसच्या इतिहासावरून हे स्पष्ट होते.

राजसत्तेचे कंदील

१६६७ मध्ये चौदाव्या लुईने पॅरिससाठी पोलीसप्रमुखाचे नवे पद निर्माण करून त्यावर निकोला द ला रेनी यांची नियुक्ती केली. रेनी यांनी त्याच वर्षी शहरात सार्वजनिक दिव्यांची व्यवस्था सुरू केली. रस्त्यावर आडव्या बांधलेल्या दोरीला कंदील टांगून त्यांत मेणबत्त्या लावल्या जात. खर्चासाठी घरमालकांकडून कर वसूल केला जाई. नियंत्रण मात्र पोलिसांकडे होते. रात्रीचा प्रवास सुकर झाला, परंतु कंदील हे राजसत्तेच्या पहाऱ्याचे प्रतीकही ठरले. साहजिकच लोकक्षोभाचा रोख त्यांच्याकडे वळला. २२ जुलै १७८९ रोजी जमावाने मंत्री फूलों यास दिव्याच्या दांडीलाच फाशी दिले. जुलै १८३० च्या क्रांतीत तर रस्त्यांवरील कंदील फोडण्यात आले. शासनाला सुरक्षित वाटणारा प्रकाश बंडखोरांना धोक्याचा वाटत होता.

आधुनिक संशोधनाचा निष्कर्ष

डेव्हिड फॅरिंग्टन व ब्रँडन वेल्श यांनी अमेरिकेतील ८ आणि ब्रिटनमधील ५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ब्रिटिश गृहखात्याने तो २००२ मध्ये प्रसिद्ध केला. प्रकाशव्यवस्था सुधारलेल्या वस्त्यांत गुन्हे तुलनेने सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. विशेष म्हणजे ही घट केवळ रात्रीपुरती नव्हती; दिवसाचे गुन्हेही कमी झाले होते. दिवसा दिव्यांचा पहारा नसतो. म्हणून वस्तीकडे लक्ष दिले जात आहे या जाणिवेने रहिवाशांत निर्माण होणारी आपुलकी व परस्परांवरील देखरेख हे या घटीचे कारण असावे, असे या संशोधकांनी सुचविले.

समारोप

पॅरिसमध्ये नागरिकांनी दिव्यांसाठी कर दिला, परंतु दिवे त्यांचे झाले नाहीत. यावरून नगरपालिकांनी बोध घेणे इष्ट ठरेल. खांबांची संख्या वाढविण्याबरोबरच डोळे दिपविणारा झोत व दाट सावल्या टाळणे, बंद दिवे तत्परतेने दुरुस्त करणे आणि दिव्यांच्या जागा ठरविताना रहिवाशांना, विशेषतः रात्री ये-जा करणाऱ्या स्त्रियांना, विचारात घेणे आवश्यक आहे.