पर्यावरण व आरोग्यशिक्षण, बालकांचे

हवा, पाणी, माती, झाडे व प्राणी यांच्याशी असलेले आपले नाते मुलांना कळावे, ते राखण्याच्या सवयी त्यांच्या अंगी बाणाव्यात आणि त्यातूनच स्वतःच्या शरीराची काळजी घेता यावी, यासाठी घरात, अंगणवाडीत व शाळेत दिले जाणारे शिक्षण. शालेय वेळापत्रकात पर्यावरण आणि आरोग्य हे बहुधा दोन वेगळे विषय असतात. मुलाच्या बाबतीत मात्र ते वेगळे करता येत नाहीत, कारण परिसर बिघडला की त्याचा पहिला परिणाम लहान शरीरावरच दिसतो.

याची कारणे शरीररचनेतच आहेत. लहान मूल प्रौढापेक्षा जलद श्वास घेते आणि वजनाच्या मानाने जास्त हवा, पाणी व अन्न शरीरात घेते. फुप्फुसांतील वायुकोशांची बहुतांश वाढ जन्मानंतर होते. त्यामुळे धुराने किंवा सूक्ष्म धूलिकणांनी झालेली हानी वाढत्या अवयवाला सोसावी लागते. मूल जमिनीलगत रांगते, खेळते आणि हात तोंडात घालते. पोटात गेलेले शिसे लहान मुलाच्या शरीरात प्रौढाच्या चार ते पाच पट शोषले जाते व मेंदूच्या वाढीला बाधा आणते. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री 2000 मध्ये थांबली. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 पेक्षा जास्त नसावे, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. जुन्या भिंतींचे पोपडे मात्र अजून तसेच आहेत. पोपडा तोंडात घालू नये आणि भिंत घासताना मुलांनी जवळ थांबू नये, एवढे तरी प्रत्येक पालकाला ठाऊक हवे.

संयुक्त राष्ट्रांच्या 20 नोव्हेंबर 1989 च्या बालहक्क संहितेतही पर्यावरण व आरोग्य यांची ही जोड आढळते. संहितेचे 24 वे कलम आरोग्याचे असून पर्यावरणाच्या प्रदूषणाचे धोके त्यातच नमूद आहेत. 29 वे कलम शिक्षणाचे असून निसर्गाविषयी आदर निर्माण करणे हे शिक्षणाचे एक उद्दिष्ट असल्याचे ते सांगते. भारताने डिसेंबर 1992 मध्ये ही संहिता स्वीकारली. त्याआधी स्टॉकहोम (1972), बेलग्रेड (1975) आणि तिबिलिसी (1977) येथील परिषदांनी पर्यावरणशिक्षणाची तात्त्विक चौकट आखली होती. केवळ माहिती पुरेशी नाही, कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभागही हवा, हे तिबिलिसीचे मुख्य सांगणे होते.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे त्याहून जुनी आहेत आणि ती एका बालवाडीत सापडतात. ताराबाई मोडक (1892–1973) यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (1910–1992) त्यांच्या सहकारी होत्या. पुढे 1957 मध्ये काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांच्या सान्निध्यात गेले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती व गावातल्या मुलांना परकीही होती. म्हणून बिया, पाने, शंख-शिंपले, खडे, काड्या, माती अशा भोवती मिळणाऱ्या वस्तूंची शैक्षणिक साधने झाली. रोजच्या कार्यक्रमात हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे यांना गाण्या-गोष्टींइतकेच महत्त्व होते. मुले बालवाडीत येईनात तेव्हा शिक्षिका वस्तीत गेल्या आणि घरासमोरच्या अंगणात वर्ग भरू लागला. त्यातून अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे मुले जिथे गुरे चारत तिथेच शाळा गेली. ज्या मुलाला गवताच्या जाती, पाणवठे आणि पाखरांचे आवाज आधीच ठाऊक आहेत, त्याला निसर्ग शिकवायचा नसतो. त्याच्या ज्ञानाला अक्षर, आकडे आणि आरोग्याची जोड द्यायची असते. या क्षेत्रात मराठी मुलखाने देशाला दिलेले सर्वांत मोलाचे योगदान हेच आहे. पर्यावरणशिक्षणाच्या इतिहासात मात्र कोसबाडचा उल्लेख क्वचितच होतो. तो व्हायला हवा.

शालेय विषय म्हणून पर्यावरणाला कायदेशीर बळ मिळाले ते न्यायालयामुळे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने वने, तळी, नद्या व वन्यजीव यांसह नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले होते. त्याच्या आधारे वकील एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी निर्देश दिले : चित्रपटगृहांनी पर्यावरणविषयक पाट्या विनामूल्य दाखवाव्यात, आकाशवाणी व दूरदर्शनने कार्यक्रम करावेत आणि शाळा-महाविद्यालयांत हा विषय टप्प्याटप्प्याने अनिवार्य व्हावा. अंमलबजावणी रेंगाळल्यावर न्यायालयाने डिसेंबर 2003 मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला पहिली ते बारावीसाठी नमुना अभ्यासक्रम तयार करायला सांगितले. तो 2004 मध्ये तयार झाला. मुलांनी काय शिकावे हे न्यायालयाला सांगावे लागले, यातून शिक्षणयंत्रणेची उदासीनताच दिसते.

महाराष्ट्रात प्राथमिक वर्गांत ‘परिसर अभ्यास’ हा विषय आहे. ‘बालभारती’चे तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार निघते. पुण्याच्या मुलाला पुणे जिल्ह्याचे आणि गडचिरोलीच्या मुलाला आपल्या जिल्ह्याचे पुस्तक मिळते. ही व्यवस्था अभिमान बाळगावा अशी आहे, कारण मुलाची परिसराशी ओळख आपल्याच नदीपासून आणि पिकांपासून सुरू होते. वरच्या वर्गांत जलसुरक्षेचा समावेश झाला. शाळेबाहेरही कामे उभी राहिली. अहमदाबादचे पर्यावरण शिक्षण केंद्र 1984 मध्ये, तर पुण्यातील भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था 1993 मध्ये सुरू झाली. मुंबईत गोरेगावला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र शहरी मुलांना जंगलाच्या काठावर नेते. केंद्र सरकारची राष्ट्रीय हरित सेना 2001-02 पासून शाळाशाळांत पर्यावरण मंडळे चालवते.

परिसर आणि आरोग्य एकत्र शिकवण्याची उत्तम उदाहरणे साधी व बिनखर्चाची आहेत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळतात. त्या दिवशी पाण्याची भांडी रिकामी करून घासून सुकवतात. पाचवीतल्या मुलांना काचेच्या ग्लासात पाण्याच्या पृष्ठभागाशी लटकून श्वास घेणाऱ्या अळ्या दाखवाव्यात आणि मग घराभोवतीच्या करवंट्या, जुने टायर, कुंड्यांखालच्या बशा व फ्रिजमागचा ट्रे तपासायला सांगावे. जीवनचक्राचा धडा, कचऱ्याचा प्रश्न आणि तापापासून बचाव ही तिन्ही कामे एका निरीक्षणात होतात. मुलाने आईला बशी दाखवली की ती रिकामी होते, हेही या पद्धतीचे बळ आहे.

जंतांचेही तसेच. उघड्यावरील शौचामुळे अंडी मातीत जातात आणि न धुतलेल्या हातांतून किंवा भाजीतून पोटात येतात. आकडीजंताच्या अळ्या तर अनवाणी पायांच्या त्वचेतूनच शिरतात. राष्ट्रीय जंतनाशक दिन 2015 पासून पाळला जातो. त्या दिवशी 1 ते 19 वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. गोळी पोटातले जंत मारते, पण माती स्वच्छ करत नाही. शौचालय, चपला आणि साबण यांविषयी त्याच दिवशी बोलले नाही तर मूल पुढच्या फेरीपर्यंत पुन्हा जंतांनी भरते. शालेय पोषण आहाराआधी साबणाने हात धुण्याची रांग, ओल्या कचऱ्याचे खत आणि त्यावर वाढलेली परसबाग अशी साखळी काही शाळांनी जोडली आहे. हाच या विषयाचा खरा प्रयोगवर्ग आहे.

दोष मुख्यतः पद्धतीत आहेत. अनेक ठिकाणी हा विषय प्रकल्पवहीपुरता उरतो : बाजारातून आणलेली चित्रे, पालकांनी लिहिलेला मजकूर आणि शेवटी श्रेणी. 5 जूनला, पर्यावरणदिनी, लावलेले रोप मेपर्यंत जगले का, हे क्वचितच पाहिले जाते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. हवामानबदलाची भीती लहान वयात घातली जाते, पण हाताला काम दिले जात नाही. ज्या गोष्टी मुलाच्या हातात नाहीत त्यांचा भार त्याच्यावर टाकणे अन्यायाचे आहे. कारखान्याचे सांडपाणी थांबवणे प्रौढांचे काम आहे. मुलाने ओढ्याचा रंग व वास नोंदवावा आणि ती नोंद मोठ्यांनी ग्रामसभेत मांडावी. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनेही ऑगस्ट 2023 मधील आपल्या 26 व्या सर्वसाधारण टिप्पणीत स्वच्छ, निरोगी व शाश्वत पर्यावरण हा मुलांचा हक्क मानला असून तो राखण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली आहे. त्यामुळे शिक्षकांनी वर्षातून एक मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा दर आठवड्याला एक तास मुलांना वर्गाबाहेर न्यावे आणि शाळा व्यवस्थापन समितीने आधी हात धुण्याच्या जागी पाणी व साबण आहे का, ते पाहावे.