खेळातून वेदनेचे शिक्षण

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या अथवा वारंवार उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. जखम भरून आली, हाड जुळले, तरीही काहींचे दुखणे थांबत नाही. मज्जासंस्था अतिसंवेदनशील झाल्याने साधी हालचालही मेंदूला धोक्याची वाटू लागते. क्ष-किरण चित्रात काही आढळले नाही म्हणून अशी वेदना खोटी ठरत नाही. तसेच दुखले म्हणजे दर वेळी शरीराची नवी हानी झाली, असेही नव्हे. या दोन गोष्टी रुग्णाला व कुटुंबाला उमगणे हा उपचाराचाच भाग होय.

घरची माणसे बहुधा दोन टोकांना जातात. कोणी दुखण्याला ढोंग ठरवतो, तर कोणी मायेपोटी रुग्णाला जागचे हलू देत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात वेदनेच्या वर्तनावर भोवतालच्या माणसांच्या प्रतिसादाचा कसा परिणाम होतो, याची मांडणी केली. अतिकाळजीने हालचाल खुंटते, स्नायू दुबळे होतात आणि परावलंबन वाढते.

व्याख्यानातून हे सांगता येते. पण खेळात ते स्वतः निर्णय घेऊन अनुभवता येते. चूक झाली तरी सोंगटीच मागे जाते, पाठ दुखत नाही. सापशिडी हे याचे सोपे साधन. तिचे जुने रूप असलेला मोक्षपट सदाचाराच्या शिकवणीसाठीच होता. वेदनेच्या पटावर ‘ठरल्याप्रमाणे दहा मिनिटे चाललो’ ही शिडी होते, तर ‘बरे वाटले म्हणून एकाच दिवसात सारे घर आवरले’ हा साप. अतिश्रम आणि नंतरची सक्तीची विश्रांती यांचे दुष्टचक्र त्यातून डोळ्यांपुढे येते. सून, मुलगा वा नातवंड रुग्णाच्या सोंगटीने खेळले, की नाइलाज आणि आळस यांतला फरकही ध्यानात येतो.

संगणकीय खेळांचाही अनुभव गाठीशी आहे. कर्करोगग्रस्त तरुणांसाठी २००६ मध्ये आलेल्या ‘री-मिशन’ या खेळाची ३७५ रुग्णांवर चाचणी झाली. खेळणाऱ्यांचे रोगविषयक ज्ञान वाढले व औषधे घेण्यातील नियमितपणा सुधारला, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. टोरांटोच्या बालरुग्णालयातील ‘पेन स्क्वॉड’मध्ये कर्करोगग्रस्त मुले पोलीस पथकातील अधिकारी बनून आपल्या वेदनेची नोंद ठेवतात. भाजलेल्या रुग्णांसाठीच्या ‘स्नोवर्ल्ड’चा हेतू मात्र वेगळा आहे. मलमपट्टीच्या वेळी लक्ष दुसरीकडे वळवणे हे त्याचे काम. तो वेदनेचे शिक्षण देत नाही.

खेळ संपल्यावर डॉक्टर, भौतिकोपचारतज्ज्ञ वा समुपदेशकाशी चर्चा झाली, तरच शिकलेले टिकते. अक्षरे मोठी, भाषा घरची आणि डाव छोटा असावा. फार वेळ एकाच जागी बसणे हेही दुखण्याचे कारण ठरते. सर्वांत कमी दुखणाऱ्याला विजयी ठरवू नये. त्याने वेदना लपवण्याची सवय लागते. अंगात नव्याने दुबळेपणा येणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे, ताप किंवा अकारण वजन घटणे अशी लक्षणे दिसल्यास पट बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

वेदना पूर्णपणे जाईल, असे आश्वासन खेळ देत नाही. आज किती चालायचे, केव्हा थांबायचे आणि मदत कशी मागायची, हे रुग्ण व त्याच्या घरच्यांना एकत्र ठरवता आले, तर त्याचे काम झाले.