जहांगीराच्या आत्मवृत्तांतील मांजर व पिसवांचें वसतिस्थान

बादशहा जहांगीर याच्या 'तुझुक-इ-जहांगिरी' या आत्मवृत्तांत आग्र्याकडील इ. स. १६१८-१९ च्या महामारीची एक हकीकत आली आहे. एका दिवंगत सरदाराच्या कन्येनें सांगितलें कीं, घराच्या अंगणांत एक उंदीर झिंगल्यासारखा पडत-उठत होता. दासीनें त्यास शेपटीस धरून मांजरापुढें टाकिलें. मांजरानें तो तोंडांत धरून लगेच सोडिला. पुढें मांजर आजारी पडलें. मग दासीस गाठ येऊन ती मेली, आणि आठ-नऊ दिवसांत त्या घरचीं १७ माणसें दगावलीं.

ही हकीकत दंतकथा म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं, असें आम्हांस वाटतें. उंदीर, मांजर व मनुष्य हे तीन दुवे तींत आहेत. चौथा तेवढा दिसत नाहीं. तो दुवा म्हणजे उंदरावरील पिसू. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें इ. स. १८९८ मध्यें कराचीस प्रयोग करून तो दाखविला. नुकताच मेलेला उंदीर हाताळणें घातक असतें. कारण शरीर थंड होऊं लागलें कीं पिसवा दुसरा प्राणी गांठतात. मरणोन्मुख उंदीर दासीनें हातीं धरला, या तपशिलाचें महत्त्व यावरून कळतें.

इ. स. १९०५ नंतर मुंबईस परळ येथें प्लेगसंशोधकांनीं गिनीपिगांवर प्रयोग केले. पिसवा असलेल्या जागीं जमिनीवर ठेविलेले गिनीपिग मेले. पिसवांची उडी पोंचणार नाहीं इतके उंच टांगलेले वांचले. म्हणजे पिसवांचें ठाणें जमिनीलगत असतें. उंदीर पडूं लागतांच घर सोडून रानांत झोंपड्या घालण्याची जुनी रीत यामुळें सयुक्तिक ठरते.

मांजरावरील पिसू निराळ्या जातीची, पण तिचा जीवनक्रम असाच. प्रौढ पिसू जनावराच्या अंगावर राहते. अंडीं मात्र खालीं गळतात, आणि अळ्या व कोश अंथरुणांत, सतरंजींत व फरशीच्या भेगांत वाढतात. सबब, दप्तराच्या राखणीस मांजर पाळणाऱ्या संग्राहकांनीं केवळ मांजराच्या अंगास औषध लावून थांबूं नये. त्याच्या निजण्याचें फडकें दर आठवड्यास कढत पाण्यांत धुवावें. कोपरे व भेगा झाडून केर घराबाहेर टाकावा. कोशांत पिसू कित्येक आठवडे दडून राहते, म्हणून हा क्रम मध्येंच सोडूं नये. औषध पशुवैद्यास विचारूनच आणावें. कुत्र्यांसाठीं असलेलें पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजरास विषवत् आहे.

संशोधकांस आमची एवढीच विनंती कीं, महामारीच्या जुन्या कागदांतील उंदीर, मांजर व घर सोडण्याचे उल्लेख क्षुल्लक समजून गाळूं नयेत.