आधी अर्ज, मग प्रदर्शन : वऱ्हाडातील संशोधकांसाठी पेटंटची वाट

प्रतिनिधी, अकोला

तूर, कापूस आणि संत्रा या पिकांनी वऱ्हाडाला जसे व्यापारी दिले, तसे यंत्रे घडविणारे हातही दिले. अकोल्याच्या एमआयडीसीतील लेथवर, मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात किंवा अमरावतीच्या एखाद्या कार्यशाळेत कुणी प्रतवारीचे यंत्र, तर कुणी पऱ्हाटी उपटण्याचे अवजार जुळवीत असतो. ते जमले की पुढचा क्रम ठरलेला असतो. गावात प्रात्यक्षिक, वर्तमानपत्रात छायाचित्र आणि कृषी प्रदर्शनात स्टॉल. पेटंटची आठवण होते ती शेजारच्या तालुक्यात नक्कल विक्रीला आल्यावर. छायाचित्र मागणारा बातमीदार हा विचार करीत नाही. संशोधकाने मात्र तो करायला हवा. कारण कायद्याच्या दृष्टीने हा क्रम नेमका उलटा आहे.

पेटंट कायदा, १९७० नुसार शोध नवा असावा लागतो, जाणकाराला सहज सुचण्यासारखा नसावा लागतो आणि उद्योगात वापरता येण्याजोगा असावा लागतो. 'नवा' म्हणजे अर्जाच्या तारखेपूर्वी जगात कोठेही प्रसिद्ध न झालेला. संशोधकाने स्वतःच केलेली प्रसिद्धीही त्याच्या विरोधात जाते. याला अपवाद आहेत, पण अरुंद. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात शोध मांडला, तर बारा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. प्रत्येक कृषी मेळाव्याला ही सवलत नाही. यंत्राची वाजवी चाचणी उघड्यावर घेणे अपरिहार्य असेल, तर त्यालाही वर्षभराचे संरक्षण आहे. ती चाचणीच होती, विक्रीची जाहिरात नव्हती, हे सिद्ध करण्याची वेळ संशोधकावर येऊ शकते. सुटे भाग बाहेरून करून घेताना त्या कारखानदाराशी गोपनीयतेचा लेखी करार करणे म्हणूनच शहाणपणाचे.

शोध पूर्ण झाला नसला तरी तारीख राखून ठेवता येते. तात्पुरत्या तपशिलासह अर्ज दाखल करावा आणि बारा महिन्यांच्या आत पूर्ण तपशील द्यावा. तो न दिल्यास अर्ज सोडून दिल्याचे समजले जाते. महाराष्ट्रासाठी पेटंट कार्यालय मुंबईला आहे, मात्र अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क १६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचे ४००० रुपये आहे. तीस पानांच्या किंवा दहा दाव्यांच्या पुढे गेल्यास जादा आकारणी होते. एजंट नेमणे सक्तीचे नाही. नेमल्यास त्याचे मानधन सरकारी शुल्काहून बरेच अधिक असते. तरीही दावे लिहून घेण्यापुरता तो खर्च करावा, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. संरक्षण मिळते ते दाव्यांत लिहिलेल्या गोष्टीला. 'चार दात्यांचे अवजार' एवढाच दावा असेल, तर पाच दाते लावणाऱ्याला अडविणे कठीण जाते.

प्रत्येक कल्पकतेला पेटंट मिळत नाही. ठाऊक असलेली उपकरणे नुसती शेजारी-शेजारी जोडली आणि प्रत्येक आपापले जुनेच काम करीत राहिले, तर कलम ३ नुसार तो शोध ठरत नाही. आपल्याकडचे बरेचसे 'जुगाड' येथेच अडकतात. शेतीची पद्धत, पारंपरिक ज्ञान, वनस्पती आणि बियाणे यांनाही पेटंट नाही. वस्तूचे केवळ रूप नवे असेल, तर डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणीचा मार्ग आहे.

बियाण्यांच्या बाबतीत विदर्भाने मोजलेली किंमत विसरण्याजोगी नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याला १९८३ मध्ये धानाच्या बांधीत काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. दरवर्षी निवड करीत त्यांनी त्यातून बारीक दाण्याचे, चवदार वाण घडविले. बाजारात नाव नसलेल्या या धानाला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' म्हटले जाऊ लागले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने १९९४ मध्ये त्यांच्याकडून प्रयोगासाठी बियाणे नेले आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित झाले. आपण वाणाचे शुद्धीकरण केले, अशी विद्यापीठाची भूमिका होती. आपले श्रेय डावलले गेले, हे दादाजींचे म्हणणे होते. हा वाद शेवटपर्यंत निवला नाही. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. बियाणे नेले गेले तेव्हा त्यांच्यासाठी कायद्यात दारच नव्हते, हे ध्यानात घ्यावे लागते.

ते दार पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ ने उघडले. वाण वेगळे, एकसारखे आणि स्थिर असल्यास शेतकऱ्याला स्वतःच्या नावे नोंदणी करता येते. पिकांच्या वाणाला एकूण पंधरा, तर झाडे व वेलींच्या वाणाला अठरा वर्षांचे संरक्षण आहे. शेतकऱ्याला या कायद्याखालील कार्यवाहीत शुल्क माफ आहे. नमुना कोणालाही देताना तारीख, वजन आणि हेतू लिहून स्वाक्षरी घेतली, तर पुढे पुरावा हाती राहतो.

यंत्राच्या अर्जाचे पुढे काय होते? साधारणपणे अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. परीक्षण आपोआप होत नाही, त्यासाठी वेगळी विनंती लागते. मार्च २०२४ च्या सुधारित नियमांनुसार नव्या अर्जांसाठी तिची मुदत ४८ ऐवजी ३१ महिने झाली आहे. जुनी माहिती वाचून थांबलेल्याचा अर्ज येथे बाद होऊ शकतो. परीक्षकाच्या आक्षेपांना सहा महिन्यांत उत्तर द्यावे लागते. अर्जदारांत एक जरी महिला असेल, तर जलद परीक्षण मागता येते, मात्र त्याचे शुल्क अधिक आहे.

पेटंट मिळाल्यावर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे ते टिकते, पण नूतनीकरण भरले तरच. व्यक्तीसाठी तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत हे शुल्क वर्षाला ८०० रुपये आहे आणि पुढे ते वाढत जाते. विक्री नसलेल्या यंत्रासाठी ते भरत राहायचे का, हा हिशेब संशोधकाने स्वतःच करायचा आहे.

अर्जापूर्वी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुन्या अर्जांचा शोध विनामूल्य घेता येतो. ज्यांना हे सारे शिकून घ्यायचे आहे त्यांना मुंबई गाठण्याची गरज नाही. राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था नागपूरला आहे आणि तेथे याविषयीचे प्रशिक्षण होते. तळागाळातील संशोधकांना पेटंटच्या अर्जासाठी राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचीही मदत मिळते.