ग्रंथालयाच्या कपाटाचा मालक कोण?

यूजीन पॉवर यांनी १९३८ साली अमेरिकेत पुस्तके मायक्रोफिल्मवर उतरवण्याचा उद्योग सुरू केला. ग्रंथालयाने रीळ एकदा विकत घेतले की ते कायमचे त्याचे. त्या उद्योगाची पुढे प्रोक्वेस्ट झाली. तिने २०११मध्ये ई-ब्ररी ही ई-पुस्तकांची कंपनी घेतली. २०२१मध्ये क्लॅरिव्हेटने सुमारे ५३० कोटी डॉलर मोजून प्रोक्वेस्टच घेतली.

हिंगोलीला याचे काय? १९९९मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या विद्यापीठाला जोडलेली. एकेकट्या महाविद्यालयाने अशा कंपनीशी भावाची घासाघीस ती काय करायची! म्हणून इन्फ्लिबनेटची २०१०ची एन-लिस्ट योजना मोलाची ठरली. वर्षाला काही हजार रुपयांत हजारो नियतकालिके मिळाली, ई-ब्ररीची पुस्तकेही. म्हणजे तिकडे कंपनी विकली गेली, की कळमनुरीच्या विद्यार्थ्याच्या पुस्तकांचा मालक बदलला. त्याला कोण विचारणार?

फेब्रुवारी २०२५मध्ये क्लॅरिव्हेटने ई-पुस्तकांची एकरकमी, कायमची विक्री बंद करण्याचे जाहीर केले, यापुढे वर्गणीच. ग्रंथपालांनी ओरड केल्यावर मुदत तेवढी जून २०२६पर्यंत लांबली. त्याच वर्षी केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली: तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक. पण पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरता, आणि आपल्याकडची बहुतेक महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांची.